कॉम्पॅक्टनेस गेला, तरी मध्यस्थ मिळतो: अनंत लांबीच्या विधानांतले इंटरपोलेशन

प्रश्न असा आहे: फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमधले क्रेगचे इंटरपोलेशन प्रमेय आम्ही कॉम्पॅक्टनेसच्या आधाराने शिकलो. (कॉम्पॅक्टनेस म्हणजे: विधानांच्या प्रत्येक सांत, म्हणजे मोजून संपणाऱ्या, भागाला मॉडेल असेल, तर सगळ्या विधानांना मिळून एक मॉडेल असते. मॉडेल म्हणजे ती विधाने जिथे खरी ठरतात अशी रचना.) विधानांमध्ये गणनीय लांबीचे ‘आणि’ व ‘किंवा’ चालू केले की कॉम्पॅक्टनेस मोडतो. तरी इंटरपोलेशन तिथे टिकते असे वाचले. ते कशाच्या जोरावर? आणि आणखी एक पायरी वर, ओमेगा-२ ला, म्हणजे पहिल्या अगणनीय लांबीच्या जोडण्यांना, गेले की तेच प्रमेय खोटे का ठरते?

आधी थेट सांगतो. इंटरपोलेशनला कॉम्पॅक्टनेस मुळात लागतच नाही. शिकवताना तो हाताशी असतो म्हणून आपण वापरतो, एवढेच. लागते ते हे: विधानांचा ‘अजून बिघडलेला नाही’ असा संच हातात असला, तर त्याच्यापासून पायरीपायरीने मॉडेल उभे करता आले पाहिजे. त्यासाठी उरकायची कामे गणनीय असली की पुरते, कारण मग ती एकामागून एक, रांगेत उरकता येतात. ओमेगा-२ ला कामांची ही रांगच अगणनीय होते. तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एकाच ठिकाणी आहे. पण ते नुसते ऐकून पटत नाही, म्हणून सिद्धतेत उतरू.

भाषा नीट ठरवून घेऊ. गणनीय म्हणजे ज्याचे घटक पहिला, दुसरा, तिसरा असे ओळीने मांडता येतात ते. ओमेगा हा गणनीय अनंताचा आकार, ओमेगा-१ त्याच्या लगेच पुढचा, म्हणजे पहिला अगणनीय, आणि ओमेगा-२ त्याच्याही पुढचा. ‘ओमेगा-१ भाषा’ म्हणजे फर्स्ट-ऑर्डर भाषाच, फक्त तिच्यात गणनीय इतकी सूत्रे एकाच ‘आणि’ने किंवा एकाच ‘किंवा’ने जोडण्याची मुभा. ‘सर्वांसाठी’ आणि ‘एक तरी आहे’ हे क्वांटिफायर मात्र एका ओळीत सांतच लागतात. ही दुसरी अट विसरू नका, पुढे ती नडणार आहे. पुस्तकांत या भाषेच्या नावात दोन खुणा असतात, पहिली ओमेगा-१ आणि दुसरी ओमेगा. पहिली जोडणीची मर्यादा सांगते, दुसरी क्वांटिफायरांची; लांबी त्या खुणेपेक्षा लहान हवी. ‘ओमेगा-२ भाषा’ म्हणजे जोडणी ओमेगा-१ इतकी लांब चालते, क्वांटिफायर तेवढेच सांत.

या मुभेने काय साधते? आबेली ग्रूप टॉर्शन आहे, म्हणजे प्रत्येक घटकाची काही एक पट शून्य होते, हे फर्स्ट-ऑर्डरमध्ये सांगता येत नाही. इथे सरळ सांगता येते: प्रत्येक घटकासाठी, त्याची एकपट शून्य, किंवा दुप्पट शून्य, किंवा तिप्पट शून्य, आणि असेच पुढे. याच ताकदीमुळे कॉम्पॅक्टनेस जातो. न०, न१, न२, … अशी नावे घ्या आणि वेगळे एक नाव ट. ‘प्रत्येक घटक न०, न१, न२, … यांपैकी एक आहे’ हे एक विधान, आणि ‘ट हा न० नव्हे’, ‘ट हा न१ नव्हे’ अशी बाकीची. यातली कोणतीही सांत विधाने घ्या, मॉडेल मिळते. सगळी एकदम घ्या, मिळत नाही.

आता इंटरपोलेशन म्हणजे काय ते. ‘क असेल तर ख’ हे सगळ्या मॉडेलांत खरे आहे असे धरा. क मध्ये काही चिन्हे अशी आहेत जी ख मध्ये नाहीत, ख मध्येही काही स्वतःची. प्रमेय म्हणते की दोघांच्या सामायिक चिन्हांतच एक विधान म असते, ज्यात क वरून म निघते आणि म वरून ख. याला मी मध्यस्थ म्हणतो. विल्यम क्रेग यांनी हे फर्स्ट-ऑर्डरसाठी १९५७ मध्ये मांडले. ओमेगा-१ भाषेसाठी ते १९६५ मध्ये लोपेझ-एस्कोबार यांनी सिद्ध केले, तेही लॉजिशियन गेंट्झेनच्या धाटणीने, सिद्धतांची चिरफाड करून. आज आपण शिकवतो ती वाट वेगळी. स्मलियन यांनी १९६३ मध्ये फर्स्ट-ऑर्डरच्या अनेक प्रमेयांमागे एकच यंत्रणा असल्याचे दाखवले, माक्काई यांनी १९६९ मध्ये ती ओमेगा-१ भाषेत आणली, आणि कीसलर यांच्या १९७१ च्या पुस्तकानंतर ती सर्वांच्या हातात गेली. तीच कन्सिस्टन्सी प्रॉपर्टी.

नाव प्रॉपर्टी असले तरी ती वस्तू म्हणजे संचांचे एक कुटुंब आहे. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. कुटुंबाचा प्रत्येक सदस्य म्हणजे विधानांचा एक गणनीय संच. विधाने मूळ भाषेतली, पण सोबत आपण न०, न१, … अशी गणनीय नवी नावे भाषेत घातलेली असतात. कुटुंबावरच्या अटी सगळ्या एकाच सुरातल्या आहेत: सदस्याच्या पोटात अमुक विधान असेल, तर त्यात तमुक भर घालून होणारा संचही कुटुंबातच सापडला पाहिजे. गणनीय ‘आणि’ असेल, तर त्यातले कोणतेही विधान घाला, कुटुंबातच राहाल. गणनीय ‘किंवा’ असेल, तर निदान एक पर्याय असा हवा की तो घातल्यावर कुटुंबात राहता येईल. ‘सर्वांसाठी’ असेल तर कोणतेही नवे नाव बसवा. ‘एक तरी आहे’ असेल तर कोणते तरी एक नाव बसले पाहिजे. निषेध असेल तर तो आत ढकलता आला पाहिजे. समानतेच्या नेहमीच्या दोन-तीन अटी. आणि सगळ्यांत साधी पण सगळ्यांचा जीव जिच्यात आहे ती अट: कोणत्याही सदस्यात एखादे विधान आणि त्याचाच निषेध, दोन्ही एकत्र नसावेत.

‘सुसंगत’ या शब्दाची व्याख्या इथे कुठेच केलेली नाही, हे लक्षात आले का? सिद्धता म्हणजे काय, निष्कर्षाचे नियम कोणते, कशाचाच उल्लेख नाही. म्हणून तर ही यंत्रणा इतक्या ठिकाणी चालते. ‘सदस्य’ म्हणजे काय हे तुम्ही तुमच्या गरजेप्रमाणे ठरवायचे, आणि अटी तपासायच्या.

मॉडेल-अस्तित्व प्रमेय असे: कुटुंबातल्या प्रत्येक सदस्याला मॉडेल असते, आणि तेही गणनीय. सिद्धता फळ्यावर दहा मिनिटांची. एक सदस्य घ्या. ओमेगा-१ भाषेत एकूण विधाने अगणनीय आहेत, पण आपल्याला सगळी लागत नाहीत. हातातल्या सदस्यातली विधाने, त्यांचे तुकडे आणि तुकड्यांत नवी नावे बसवून होणारी विधाने, एवढीच लागतात, आणि ती गणनीय. म्हणजे कामांची यादी गणनीय: या ‘किंवा’चा पर्याय निवडा, त्या ‘एक तरी आहे’ला नाव द्या, या ‘आणि’तले सातवे विधान घाला. प्रत्येक काम अनंत वेळा समोर येईल अशी यादी लावा आणि पहिल्या पायरीपासून एकेक उरकत चला. दर पायरीला संच वाढतो, पण कुटुंबातच राहतो. शेवटी सगळ्या पायऱ्यांचा संयोग घ्या, नावांनाच घटक माना, समान ठरलेली नावे एक करा, झाले मॉडेल.

आता मेख. तो शेवटचा संयोग कुटुंबात असतो का? नसतो. म्हणजे असेलच असे नाही, आणि सहसा नसतोच, कारण पुढे आपण सदस्य सांत ठेवणार आहोत. मग त्यातून मॉडेल कसे मिळते? कारण संयोगाला कुटुंबात असण्याची गरजच नाही. कामे सगळी उरकली आहेत, आणि विधान व त्याचा निषेध अशी जोडी त्यात शिरली असती तर ती कोणत्या तरी सांत पायरीलाच दिसली असती. अणुविधानांच्या पातळीवर एवढे पुरते, बाकीचे विधानांच्या बांधणीवरच्या इंडक्शनने. ‘संयोग कुटुंबात नसतो’ हे वाक्य कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ओमेगा-२ ला गाडी इथेच घसरते.

इंटरपोलेशन आता जवळजवळ आपोआप येते, फक्त कुटुंब नेमके निवडायचे. क वरून ख निघते, पण मध्यस्थ नाही असे धरा. सदस्य म्हणजे विधानांचा असा सांत संच ज्याचे दोन भाग पाडता येतात: डावा भाग क च्या चिन्हांतला, उजवा ख च्या, नवी नावे दोन्हीकडे चालतील. अट एवढीच की दोघांना वेगळे पाडणारे सामायिक विधान नसावे. वेगळे पाडणारे म्हणजे असे विधान जे डाव्या भागावरून निघते आणि ज्याचा निषेध उजव्या भागावरून निघतो. डावीकडे क आणि उजवीकडे ‘ख नाही’ ही जोडी आपल्या गृहीतकानुसार कुटुंबात आहेच. कुटुंबाच्या अटी तपासून झाल्या की मॉडेल-अस्तित्व प्रमेय या जोडीला मॉडेल देते, म्हणजे क खरे आणि ख खोटे असे मॉडेल. पण क वरून ख निघते. विसंगती.

अटी तपासण्यात खरी मजा एकाच ठिकाणी आहे. डाव्या भागात एक गणनीय ‘किंवा’ आहे, आणि समजा त्यातला एकही पर्याय घालता येत नाही. म्हणजे प्रत्येक पर्याय घातला की कोणते तरी विधान दोन्ही बाजूंना वेगळे पाडते: पहिल्या पर्यायासाठी म१, दुसऱ्यासाठी म२, आणि असेच. मग ‘म१ किंवा म२ किंवा म३ …’ हे विधान मूळ जोडीलाच वेगळे पाडते. डावीकडून पाहा: कोणता तरी पर्याय खरा, म्हणून त्याचा म खरा. उजवीकडून पाहा: प्रत्येक म खोटा, म्हणून सगळा ‘किंवा’ खोटा. ‘किंवा’ उजव्या भागात असला तर तेच ‘आणि’ने करायचे. इथे भाषेची लांबी उपयोगी पडली. ‘किंवा’ गणनीय होता, म्हणून मध्यस्थांचा ‘किंवा’ही गणनीय झाला आणि भाषेच्या बाहेर गेलो नाही.

‘एक तरी आहे’ च्या अटीत असे नाव घ्या जे आजवर कुठेच वापरलेले नाही. सदस्य सांत असल्यामुळे असे नाव नेहमी शिल्लक असते. ते बसवल्यावर वेगळे पाडणारे म मिळाले, तर त्यातल्या त्या नावाच्या जागी चल टाकून पुढे ‘एक तरी आहे’ लावा (मूळ विधान उजव्या भागात असेल तर ‘सर्वांसाठी’). समानतेच्या अटीत थोडी गंमत आहे: डावीकडे ‘न३ आणि न५ एकच’ आणि उजवीकडे न५ विषयीचे काही, आता उजवीकडे तेच न३ विषयी घालायचे आहे. घातल्यावर वेगळे पाडणारे म निघाले, तर घालण्यापूर्वी ‘न३ आणि न५ एकच, आणि म’ हे वेगळे पाडत होते. नावे दोन्हीकडे सामायिक असल्यामुळे हे चालते. कागदावर एकदा करून पाहाच.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. एका सेमिनारमध्ये हीच सिद्धता मांडताना मी फळ्यावर कुटुंबाची व्याख्या लिहिली ती ‘सामायिक चिन्हे आणि नवी नावे यांतले कोणतेही विधान वेगळे पाडत नाही’ अशी. अटी भराभर तपासल्या, शेवटी म्हटले, मध्यस्थात काही नवी नावे राहिली असतील तर ती क आणि ख मध्ये नाहीतच, तेव्हा क्वांटिफायर लावून ती काढून टाका. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, किती नावे?” आणि मी गप्प. म१ मध्ये न१, म२ मध्ये न२, म३ मध्ये न३ असेल, तर त्यांच्या ‘किंवा’त अनंत नावे. ती काढायला अनंत क्वांटिफायरांची साखळी लागेल, आणि आपल्या भाषेत क्वांटिफायर सांत. फर्स्ट-ऑर्डरमध्ये हा प्रश्न येतच नाही, कारण विधानच सांत आणि त्यातली नावेही सांत. म्हणून तिथली सिद्धता तशीच उचलून इथे ठेवणारे बरेचजण इथे पाय घसरून पडतात. उपाय सोपा आहे: वेगळे पाडणाऱ्या विधानात नावे फक्त त्या सदस्यात आधीच दिसणारी चालतील असे व्याख्येतच लिहा. सदस्य सांत असतो, त्यातल्या प्रत्येक विधानात नावे सांत ठेवा, आणि ‘किंवा’चे पर्याय त्या ‘किंवा’तलीच नावे वापरतात. मग मध्यस्थांच्या ‘किंवा’त नवे नाव येण्याचा प्रश्नच नाही. याची किंमत ‘सर्वांसाठी’ च्या अटीत थोडी मोजावी लागते: तिथे नवे नाव बसवल्यावर मिळणाऱ्या म मध्ये ते नाव असू शकते, ते ‘सर्वांसाठी’ लावून काढावे लागते. दोन ओळींचे काम.

हे प्रमेय कशाला लागते असे विचाराल तर मला सगळ्यांत आवडणारा उपयोग सांगतो. नैसर्गिक संख्यांवर उभ्या केलेल्या सगळ्या रचना विचारात घ्या, म्हणजे सगळे गणनीय आलेख, किंवा सगळे गणनीय ग्रूप. हा एक टोपॉलॉजिकल अवकाश होतो. त्यातला एखादा बोरेल वर्ग (साध्या वर्गांपासून गणनीय संयोग, छेद आणि पूरक घेत बनणारा) असा असला की त्यातल्या रचनेशी आयसोमॉर्फिक, म्हणजे फक्त घटकांची नावे बदलून मिळणारी, रचना नेहमी त्याच वर्गात, तर तो वर्ग ओमेगा-१ भाषेतल्या एका विधानाने पकडता येतो. हेही लोपेझ-एस्कोबार यांचेच, १९६५ चे. मध्यस्थ वापरून सिद्धता चार ओळींत होते. वर्ग बोरेल असल्यामुळे, प्रत्येक संख्येला नाव दिले तर तो नावांच्या भाषेत एका विधानाने लिहिता येतो. नावांचे दोन वेगळे संच घ्या, न आणि ड. आयसोमॉर्फिझमने वर्ग बदलत नाही याचा अर्थ असा: ‘न ही नावे एकेकदा सगळे घटक संपवतात आणि न च्या भाषेत रचना वर्गात आहे’ यावरून निघते ‘ड ही नावे सगळे घटक एकेकदा संपवत असतील तर ड च्या भाषेतही रचना वर्गात आहे’. डावीकडे फक्त न, उजवीकडे फक्त ड. मध्यस्थात दोन्ही नाहीत, राहिली ती मूळ भाषा. मध्यस्थ हेच आपले विधान.

याला आणखी जुने मूळ आहे. क्वांटिफायर सगळे काढून टाका, फक्त खरे-खोटे होणारी अक्षरे आणि गणनीय ‘आणि’, ‘किंवा’ एवढेच ठेवा. अक्षरेही गणनीय धरा. मग प्रत्येक विधान म्हणजे शून्य-एकांच्या अनंत ओळींच्या अवकाशातला एक बोरेल संच. क मधली खासगी अक्षरे झाकली की उरते ती त्या संचाची सावली, म्हणजे ॲनालिटिक संच. आणि इंटरपोलेशन म्हणते: एकमेकांना न छेदणारे दोन ॲनालिटिक संच बोरेल संचाने वेगळे करता येतात. हे मॉस्कोच्या लुझिन यांचे सेपरेशन प्रमेय, १९२७ चे, क्रेगच्या ३० वर्षे आधीचे. लेबेग यांनी १९०५ मध्ये असे धरले होते की बोरेल संचाची सावलीही बोरेलच असते. १९१७ मध्ये लुझिनचा तरुण विद्यार्थी सुस्लिन याने ती चूक दाखवून दिली, आणि त्या चुकीतून एक अख्खी शाखा निघाली. सुस्लिन १९१९ मध्ये टायफसने गेला. लॉजिशियन मंडळी इंटरपोलेशन आपल्या घरचे समजतात, पण त्याचे निम्मे घराणे मॉस्कोतले आहे.

आता दुसरा प्रश्न, ओमेगा-२. बिघाड कुठे होतो हे आधी ओळखून पाहा. गणनीयता आपण दोन ठिकाणी वापरली. एक, मध्यस्थांचा ‘किंवा’ भाषेत मावावा म्हणून. दोन, मॉडेल बांधण्याची कामे रांगेत उरकावीत म्हणून. पहिल्या ठिकाणी ओमेगा-२ भाषेत काहीच अडचण नाही. ‘किंवा’ ओमेगा-१ लांबीचा असेल तर मध्यस्थांचा ‘किंवा’ही तेवढाच, तो भाषेत चालतोच. मोडते ते दुसरे.

उदाहरण अगदी छोटे आहे. क म्हणते: ‘प्रत्येक घटक न०, न१, न२, … यांपैकी एक आहे.’ म्हणजे जग फार तर गणनीय. (इथली न ही क ची स्वतःची चिन्हे आहेत, यंत्रणेतली नवी नावे नव्हेत.) दुसऱ्या बाजूला ओमेगा-१ इतकी नावे, ड०, ड१, …, ड-ओमेगा, आणि तशीच पुढे. ख म्हणते: ‘यांतली कोणती तरी दोन एकाच घटकाची नावे आहेत.’ गणनीय जगात अगणनीय नावे वाटायची तर दोन नावे एकावर येणारच, तेव्हा क वरून ख निघते. सामायिक चिन्ह एकही नाही, फक्त समानता. मध्यस्थ म असेल तर तो नुसत्या समानतेच्या भाषेतला हवा, गणनीय अनंत संचात खरा आणि ओमेगा-१ आकाराच्या संचात खोटा. पण सांत क्वांटिफायरांच्या भाषेला हे दोन संच वेगळे दिसतच नाहीत. एक खेळ समजा: एक खेळाडू या नाहीतर त्या संचातला एक घटक उचलतो, दुसऱ्याने समोरच्या संचातला त्याच्या जोडीचा घटक उचलायचा. कितीही खेळा, समोरच्या संचात नवा घटक नेहमी शिल्लक असतो. हा खेळ असा चालत राहिला तर जोडण्या कितीही लांब असोत, दोन्ही रचनांत तीच विधाने खरी ठरतात, हे कॅरल कार्प यांनी १९६५ मध्ये सांगितले. मध्यस्थ नाही.

आता आपली यंत्रणा याच उदाहरणावर चालवून पाहा, बिघाड डोळ्यांनी दिसतो. डावीकडे क, उजवीकडे ‘ड ही सगळी नावे वेगवेगळ्या घटकांची’. वेगळे पाडणारे विधान नाही, म्हणून ही जोडी कुटुंबात. काम सुरू करा: ड० कोण? न० म्हणू. ड१ कोण? न१ म्हणू. प्रत्येक सांत पायरीला आपण कुटुंबात आहोत, कारण सांत नावे वाटल्यावर अजून अनंत शिल्लक असतात. ओमेगा पायऱ्या झाल्या. ड-ओमेगा कोण? सगळी न वाटून झाली. जागा नाही. पायऱ्यांचा संयोग कुटुंबात नसतो असे मघाशी कोपऱ्यात लिहिले होते ना? गणनीय कामांत त्याने काही बिघडत नव्हते, कारण संयोगानंतर करण्यासारखे काही उरतच नव्हते. इथे संयोगानंतरही ओमेगा-१ इतकी कामे बाकी आहेत.

यावर तोड दोन. मॅलिट्झ यांनी १९७१ मध्ये दाखवले की अशा ठिकाणीही मध्यस्थ मिळतो, पण त्यासाठी मोठ्या भाषेत जावे लागते जिथे क्वांटिफायरांची साखळीही अनंत चालते. आपल्या उदाहरणात तो समोरच आहे: ‘एकमेकांहून वेगळे असे ओमेगा-१ इतके घटक नाहीत.’ सांगायला ओमेगा-१ लांबीची ‘एक तरी आहे’ची साखळी लागते. त्या मोठ्या भाषेला मात्र स्वतःच्या आत मध्यस्थ मिळत नाही, शिडी पुढे सरकत राहते. २०१२ मध्ये शेलाह यांनी काही विशिष्ट कार्डिनलांसाठी (अनंत आकारांसाठी) दोन भाषांच्या मधोमध बसणारे एक लॉजिक दिले, ज्याला इंटरपोलेशन स्वतःपुरते पुरते. तो वेगळा आणि बराच अवघड विषय आहे.

मला दुसरी तोड जास्त आवडते. वरच्या उदाहरणातल्या सांत पायऱ्या पुन्हा पाहा: ओमेगा-१ मधून ओमेगामध्ये जाणारे, दोन वस्तूंना एकच जागा न देणारे सांत तुकडे. फोर्सिंग (संचांच्या विश्वात एक नवी वस्तू घालून ते विस्तारण्याची सेट थिअरीतली पद्धत) शिकलेल्याला ही चीज ओळखीची वाटेल. ओमेगा-१ ला गणनीय करून टाकणारी हीच फोर्सिंग. कन्सिस्टन्सी प्रॉपर्टी पहिल्यापासूनच एक फोर्सिंग होती: मोठा संच म्हणजे जास्त माहिती, प्रत्येक काम म्हणजे एक डेन्स संच (कुठूनही पुढे जाऊन गाठता येणारा), मॉडेल म्हणजे जेनेरिक (लागणारे सगळे डेन्स संच गाठणारी वाट). कामे गणनीय असली की जेनेरिक आपल्याच विश्वात सापडतो. रासियोवा आणि सिकोर्स्की यांनी गोडेलच्या पूर्णता प्रमेयाची १९५० मध्ये दिलेली सिद्धता याच कल्पनेवर उभी आहे. कामे अगणनीय असली तर जेनेरिक सापडतो, पण विस्तारलेल्या विश्वात, जिथे जुना ओमेगा-१ आता गणनीय आहे. तिथे क आणि ‘ड ही सगळी वेगवेगळी’ ही दोन्ही एकत्र बिनघोर खरी होतात. म्हणून ‘क वरून ख निघते’ याचा अर्थ ‘आपल्या विश्वातल्या मॉडेलांत’ असा न घेता ‘प्रत्येक फोर्सिंग-विस्तारात’ असा घेतला, किंवा तेच बूलियन-मूल्यांच्या मॉडेलांच्या (जिथे विधान नुसते खरे-खोटे नसून मधली मूल्येही घेते अशा) भाषेत सांगितले, तर आपला प्रतिदाखला प्रतिदाखला राहतच नाही, कारण त्या अर्थाने क वरून ख निघतच नाही. मॅन्सफील्ड यांनी १९७२ मध्ये बूलियन-मूल्यांच्या मॉडेलांसाठी कितीही लांब जोडण्यांच्या भाषेची पूर्णता (जे सगळीकडे खरे ते सिद्धही करता येते, हे) सिद्ध केली, आणि या अर्थाने इंटरपोलेशनही वरचीच सिद्धता ओळ न ओळ चालवून मिळते. फक्त ‘गणनीय’ हा शब्द खोडायचा, आणि ‘किती नावे?’ हा प्रश्न तिथेही विसरायचा नाही.